गाडी चालवणारे गावोगाव, शिकवणारे मोजके : ड्रायव्हिंग प्रशिक्षक व्हायचं तर काय लागतं?

सोलापूर जिल्ह्यात गाडी चालवता येणाऱ्यांची कमी नाही. माळशिरस, पंढरपूर, मोहोळ, करमाळा, कुठल्याही तालुक्यात जा, वीस-बावीस वर्षांचं पोरगं ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मागे घेतं, पिकअप भरून पहाटे मार्केट यार्डाला पोचतं. शिकवलं कोणी म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. कोणी नाही, बघून बघून आलं. चुलत्याच्या शेजारी बसून थोडं, रिकाम्या रानात थोडं आणि बाकीचं थेट रस्त्यावर.

अडचण इथंच आहे. रस्त्यावर शिकताना झालेली चूक एकट्याला महागात पडत नाही, समोरच्यालाही पडते. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्ते अपघातात गेली. त्यात महाराष्ट्रातले १५ हजारांहून जास्त. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी दोन तृतीयांशच्या आसपास ग्रामीण भागात झाले आणि दर शंभरातले ४४ जण दुचाकीवरचे होते. म्हणजे हा शहरातल्या गर्दीचा प्रश्न नाही, आपल्या फाट्यावरचा आहे.

नीट शिकवणाऱ्या माणसाची गरज त्यामुळे खेड्यातच जास्त आहे. ज्याच्या हातात गाडी चांगली बसली आहे, त्याच्यासाठी यात पोटापाण्याचा रीतसर मार्गही आहे. पण पाच-दहा वर्षं गाडी चालवली की झालो प्रशिक्षक, असं नसतं. कायद्यात पात्रता ठरलेली आहे, आणि आपल्याकडचे बरेच जण तिच्यातल्या एकाच अटीवर अडतात. ती अट कोणती आणि त्यापुढं काय करायचं, ते आता बघू.

चालवणं वेगळं, शिकवणं वेगळं

जुना ड्रायव्हर गाडी चालवताना विचार करत नाही. पाय आपोआप क्लचवर जातो, नजर आपोआप आरशात जाते. हेच शिकवताना आडवं येतं. क्लच किती सोडायचा, असं नवख्यानं विचारलं की तो म्हणतो, "अंदाजानं सोड." नवख्याला तोच अंदाज तर शिकायचा असतो.

प्रशिक्षकाला स्वतःची सवय सुटी करून सांगता यावी लागते. सपाट जागेवर गाडी उभी करायची, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, क्लच हळूहळू सोडायचा आणि गाडी थरथरायला लागली की पाय तिथंच धरायचा. ती थरथर म्हणजे क्लच पकडायला लागल्याची खूण. एवढी एक गोष्ट नवख्यानं दहा वेळा केली की गाडी बंद पडण्याची भीती निम्मी जाते. अंदाज म्हणजे काय, हे असं पायाला कळावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जीभ. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. चांगला प्रशिक्षक धोका दिसायच्या आधीच बोलतो. "पुढं शाळा आहे, पाय ब्रेकवर आण." वेळेवर बोललं की ओरडायची पाळी येत नाही. शेजारच्या बाजूचा ब्रेक हाताशी असतो, पण तो शेवटचा उपाय. दर वेळी प्रशिक्षकानंच ब्रेक मारला तर शिकणारा कधीच शिकत नाही. गाडी आपोआप थांबते, एवढंच त्याच्या डोक्यात बसतं.

नियमात पात्रता काय आहे?

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. ड्रायव्हिंग स्कूलची सगळी चौकट केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये आहे, त्यातला २४ वा नियम महत्त्वाचा. मान्यताप्राप्त स्कूलमध्ये शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडे या गोष्टी हव्यात :

- किमान दहावी पास.
- गाडी चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव.
- मोटार मेकॅनिकच्या कोर्सचा दाखला किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधलं त्याहून वरचं शिक्षण. संस्था सरकारी किंवा तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेली पाहिजे.
- वाहतुकीच्या खुणा आणि रस्त्याचे नियम यांची पक्की माहिती.
- गाडीचे भाग आणि त्यांचं काम दाखवून, समजावून सांगता येणं.
- इंग्रजी किंवा त्या भागाची भाषा नीट येणं. आपल्याकडे मराठी चालते.

ज्या प्रकारची गाडी शिकवायची, त्या प्रकारचं चालू लायसन स्वतःकडे असावं लागतं. कार शिकवायची तर हलक्या वाहनाचं, ट्रक शिकवायचा तर जड वाहनाचं.

घोडं अडतं ते मेकॅनिकच्या दाखल्यावर

दहावी असते, अनुभवही असतो. नसतो तो मेकॅनिकचा दाखला. गॅरेजमध्ये चार वर्षं काम केलेलं असतं, इंजिन उघडून परत बसवता येतं, पण त्याचा कागद नसतो. आरटीओ कार्यालयात फक्त कागद बघितला जातो.

त्यासाठी सगळ्यात सरळ रस्ता आयटीआयचा. मेकॅनिक मोटार व्हेईकल हा ट्रेड दोन वर्षांचा, मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा. दोन्ही दहावीनंतर करता येतात. मोटार मेकॅनिक या अटीत पहिला ट्रेड थेट बसतो. डिझेलचा ट्रेड किंवा दुसरा एखादा छोटा कोर्स चालेल का, हे फी भरायच्या आधी आरटीओ कार्यालयात विचारावं, जमलं तर लेखी घ्यावं. जिल्ह्यात सोलापूरचं कार्यालय आहे, ज्याच्या गाड्या एमएच १३, आणि अकलूजचं आहे, ज्याच्या एमएच ४५. आपला तालुका ज्या कार्यालयाकडे येतो तिथंच विचारायचं. शेजारच्या जिल्ह्यातल्या कोणाचं झालं म्हणून आपलंही होईल, असं धरून चालू नये.

ही अट उगाच घातलेली नाही. ब्रेक मारला की पाय खोल का जातो, ट्रॉली भरलेली असताना गाडी एका बाजूला का ओढते, टायर मधूनच का झिजतो, हे शिकणारा विचारणारच. उताराला न्यूट्रल करून गाडी सोडू नको, एवढं सांगून भागत नाही. इंजिनाचा अडवा सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की धरत नाहीत, हे कारण सांगितलं तर तो ते आयुष्यभर विसरत नाही.

वेळेचं गणित

कार-जीपचं लायसन १८ व्या वर्षी मिळतं. मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनासाठी वय २० पूर्ण लागतं. एखाद्या मुलानं दहावीनंतर आयटीआय केलं, अठराव्या वर्षी लायसन काढलं आणि नियमानं गाडी चालवली, तर तेविसाव्या वर्षी तो पात्रतेच्या जवळ पोचतो. ज्याचा अनुभव आधीच झाला आहे, अशा तिशी-पस्तिशीतल्या माणसाला फक्त दाखल्याची एक-दोन वर्षं काढायची आहेत. वय गेलं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. शिकवायच्या कामात वय उलट उपयोगी पडतं, घरचे लोक विश्वासानं पोरगी-सून शिकायला पाठवतात.

पाच वर्षांचा अनुभव लायसनच्या तारखेपासून सिद्ध करता येतो, त्याआधीचा नाही. चौदाव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवतोय, हे सांगण्यात काही अर्थ नाही, उलट ते कायद्यानं गुन्ह्यात बसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ लायसनही मिळत नाही. ज्याला पुढं हाच धंदा करायचा आहे, त्यानं हे ध्यानात ठेवावं. दारात आलेल्या अल्पवयीन मुलाला गाडी शिकवायला नाही म्हणायची सवयही आत्ताच लावून घ्यावी.

पहिली पायरी नोकरीची

पात्रता झाली की लगेच स्वतःचं स्कूल काढायला धावू नये. दोन-तीन वर्षं एखाद्या चांगल्या स्कूलमध्ये प्रशिक्षक म्हणून राहिलं की शिकवणं हातात बसतं, नोंदवह्या कळतात, माणसं कळतात.

चांगलं स्कूल ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक, तिथं शिकणाऱ्याचे तास खरोखर मोजले जातात का? नियमानुसार खासगी वापराच्या गाडीसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास. वाहतुकीच्या वाहनांसाठी किमान ३० दिवस, मध्यम आणि जड वाहनाला किमान १५ तास प्रत्यक्ष. रोज अर्धा तास धरला तर २१ दिवसांत साडेदहा तास होतात, म्हणजे नियम पाळणं काही अवघड नाही. दुसरी खूण म्हणजे खोलीतलं शिक्षण. फळा, खुणांचे तक्ते, इंजिन-गिअरबॉक्सचे भाग नुसते धूळ खात पडलेत की त्यांच्यावर शिकवलं जातं, ते बघायचं.

स्वतःचं स्कूल काढायचं तर

अर्ज फॉर्म १२ वर करायचा. मंजूर झालं की फॉर्म ११ मध्ये परवाना मिळतो, तो पाच वर्षांचा. नूतनीकरण फॉर्म १३ वर, मुदत संपायच्या आधी. केंद्राच्या २०१६ च्या दरपत्रकात परवान्याची फी १० हजार रुपये आहे. अर्ज भरायच्या दिवशी चालू दर बघून घ्यावा. यासाठी लागतं ते असं :

- जागा. तिथं वर्ग घेता यावा, बसायला बाकं, फळा, टेबल.
- ज्या प्रकारची गाडी शिकवायची त्या प्रकारची किमान एक गाडी. ती फक्त शिकवण्यासाठीच वापरायची. दिवसा स्कूल आणि रात्री भाडं, असं चालत नाही.
- मोटारसायकल सोडून प्रत्येक गाडीला डबल कंट्रोल, म्हणजे प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक-क्लच.
- रस्त्याच्या खुणांचे तक्ते, सिग्नल आणि वाहतूक पोलिसांच्या हातवाऱ्यांचा तक्ता, इंजिन-गिअरबॉक्स-ब्रेक ड्रम असे दाखवायचे भाग, पंक्चरचं सामान, जॅक, पाने, हवा मोजायचा गेज.
- प्रथमोपचार पेटी, सामान भरलेली.
- नोंदवह्या. कोण शिकायला आलं ते फॉर्म १४ मध्ये, कोणी किती तास गाडी चालवली ते फॉर्म १५ मध्ये. शिक्षण पूर्ण झालं की फॉर्म ५ चा दाखला.

विम्याच्या वेळी ही गाडी ड्रायव्हिंग शिकवायला वापरतो, हे कंपनीला सांगूनच पॉलिसी घ्यावी. त्यासाठी हप्ता जास्त बसतो, म्हणून काही जण लपवतात. अपघात झाला की तेच अंगावर येतं.

हिशोब कागदावर मांडून बघा

एका कारवर दिवसाला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बारा पाळ्या धरल्या तर सहा तास गाडी चालते. माणूस बदलायला लागणारा वेळ आणि प्रशिक्षकाचा दम धरला तर याहून जास्त ओढण्यात अर्थ नाही. म्हणजे एका गाडीवर एका वेळी बारा जण आणि त्यांना २१ दिवस. सुट्या, पाऊस, लग्नसराई धरली तर महिन्याला सरासरी आठ-दहा जण धरून चालावं.

आता एका माणसामागचा खर्च. साडेदहा तास, शिकताना गाडी ताशी १५ किलोमीटरच्या सरासरीनं चालली असं समजू, म्हणजे १५७ किलोमीटर. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी लिटरला १२ देते असं धरलं तर १३ लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर १,३६५ रुपये नुसते तेलाचे. त्यावर क्लच प्लेट. शिकवायच्या गाडीची क्लच प्लेट घरच्या गाडीपेक्षा कितीतरी लवकर जाते. त्यावर टायर, विमा, जागेचं भाडं, गाडीचा हप्ता आणि स्वतःचा पगार.

आपल्या तालुक्यात चालू असलेली फी घ्या आणि त्यातून हे सगळं वजा करा. उरतं ते कळेल. फी कमी ठेवून गर्दी जमवायची म्हटलं तर तास कापावे लागतात, आणि तास कापले की शिकवणं राहत नाही. म्हणून एका गाडीवर कर्ज काढून सुरुवात करणाऱ्यानं पहिलं वर्ष फार कमाईची अपेक्षा ठेवू नये. उन्हाळ्याच्या सुटीत गर्दी असते, पावसाळ्यात कमी होते, हेही गणितात घ्यावं.

बायकांना शिकवणाऱ्या बायका हव्यात

आशा कार्यकर्त्या, शिक्षिका, बचत गटाच्या ताई, दूध घालायला जाणाऱ्या बायका, सगळ्यांना स्कुटी तरी यायला लागते. कार शिकायची इच्छा असलेल्याही बऱ्याच आहेत. पण अनोळखी पुरुषाशेजारी बसून शिकायला घरून परवानगी मिळत नाही, मिळाली तरी स्वतःला अवघडल्यासारखं होतं.

पात्रता सगळ्यांना सारखीच आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकला मुली कमी जातात, म्हणून महिला प्रशिक्षकही कमी. ज्या तालुक्यात एक जरी महिला प्रशिक्षक असेल, तिच्याकडे काम चालून येईल. घरच्यांनी मुलीला या ट्रेडला घालताना याचा विचार करावा.

"अ‍ॅडव्हान्स" म्हणजे वेगात चालवणं नव्हे

गाडी हलवता येणं हे पहिलीतलं शिक्षण. लायसन मिळालं की बहुतेकांचं शिकणं तिथंच थांबतं. पुढचं शिक्षण, ज्याला डिफेन्सिव्ह किंवा अ‍ॅडव्हान्स ड्रायव्हिंग म्हणतात, ते पुढचा धोका आधी ओळखायचं असतं. ते शिकवणारा प्रशिक्षक आपल्या भागात क्वचित सापडतो.

त्यात काय शिकवतात? पहिलं, थांबायचं अंतर. ताशी ४० च्या वेगात समोर काही दिसलं तर मेंदूला कळून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, असं धरा. तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढं गेलेली असते. चांगले ब्रेक आणि कोरडा डांबरी रस्ता असेल तर आणखी नऊएक मीटर. एकूण २०. ताशी ८० ला हेच अंतर २२ अधिक ३५, म्हणजे ५७ मीटरच्या आसपास जातं. वेग दुप्पट झाला, पण ब्रेकचं अंतर चौपट झालं. पावसात आणखी वाढतं.

आता हे आपल्या रस्त्यावर लावून बघा. कारखाने सुरू झाले की रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, ऊस बाहेर आलेला. डिपरचा उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटरच्या पुढं कमी पडतो. ८० नं येणाऱ्याला ट्रॉली दिसते तेव्हा थांबायला लागणारी जागाच उरलेली नसते. ब्रेक कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. म्हणून अ‍ॅडव्हान्स प्रशिक्षक सांगतो, जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेव.

दुसरं, पुढच्या गाडीपासूनचं अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की "एकवीस, बावीस" असं सावकाश मोजायचं. दोन सेकंदांच्या आत आपण त्या खांबापाशी पोचलो तर फार जवळ आहोत. पावसात हे चारपर्यंत न्यायचं.

तिसरं, बोलत चालवणं. शिकणाऱ्यानं जे दिसतंय ते तोंडानं सांगत गाडी चालवायची. "डाव्या बाजूला फाटा, दुचाकी बाहेर येऊ शकते. पुढं एसटी थांबली, तिच्या पुढून कोणी पळत येईल." पंधरा मिनिटांतच प्रशिक्षकाला कळतं, याची नजर कुठं पोचते आणि कुठं नाही.

चौथं, आपल्याच रस्त्यांचा अभ्यास. पुणे-सोलापूर महामार्गावर उलट्या बाजूनं येणाऱ्या दुचाकी, दुभाजकातल्या फटीतून अचानक वळणारा ट्रॅक्टर, आषाढीच्या आधी पंढरपूरच्या रस्त्यांवर पहाटे अंधारात चालणाऱ्या दिंड्या. हे मोठ्या शहरातल्या प्रशिक्षकाला माहीत नसतं. इथल्या माणसाला असतं, फक्त त्यानं ते नीट मांडून शिकवायला पाहिजे.

पुढची कामं कुठं आहेत?

*जड वाहनं.* वाहतुकीच्या वाहनाचं लायसन काढताना ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ चा दाखला लागतो. म्हणजे जड वाहन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाशिवाय ट्रक-बसचा नवा ड्रायव्हर तयारच होत नाही. सुप्रीम कोर्टानं ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. छोट्या टेम्पो-पिकअपवाल्यांची त्यामुळे सोय झाली. त्यावरच्या वजनाला मात्र वेगळं लायसन आणि वेगळं शिक्षण लागतंच.

*मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रं.* १ जुलै २०२१ पासून केंद्रानं मोठ्या चालक प्रशिक्षण केंद्रांची नवी पद्धत आणली. तिथं सिम्युलेटर आणि चाचणीचा ट्रॅक लागतो. हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा, जास्तीत जास्त चार आठवड्यांत. तिथून पास झालेल्याला आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. अशा केंद्रात प्रशिक्षक म्हणून जायचं तर बारावी आणि पाच वर्षांचा अनुभव धरून चालावं. संगणक, बायोमेट्रिक हजेरी यांची भीती नको. दहावीवर थांबलेल्यांनी बारावी पूर्ण करून घेणं फायद्याचं.

*टँकर.* आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यांच्यासोबत डिस्टिलरी आणि इथेनॉल. इथेनॉल पेट घेणारा माल. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचा खास कोर्स आणि लायसनवर तशी नोंद लागते. हा कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतच होतो. जड वाहनाचा अनुभव असलेल्या प्रशिक्षकाला अशा संस्थांत काम मिळू शकतं.

*कारखाने, शाळा, दूध संघ.* ज्यांच्याकडे दहा-वीस गाड्या आहेत त्यांना वर्षातून एकदा ड्रायव्हरांची उजळणी करून घ्यावीशी वाटते. अपघात कमी, तेल कमी, विम्याची कटकट कमी. गाळप सुरू व्हायच्या आधी ट्रॅक्टर ड्रायव्हरांसाठी एक दिवसाचं शिबिर घेता येईल. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसले तर उताराला ती ट्रॅक्टरला पुढं ढकलते, म्हणून उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा. एवढ्या एका गोष्टीवर अर्धा दिवस जातो आणि तो वाया जात नाही. इंधन बचतीवर पीसीआरए ही केंद्र सरकारची संस्था ड्रायव्हरांसाठी कार्यक्रम घेते, तिथून शिकण्यासारखं आहे.

*एसटी.* महामंडळाची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तिथं नव्या ड्रायव्हरांना तयार करायला चालक प्रशिक्षक असतात. पण ती जागा आतल्या अनुभवी माणसांसाठी, बाहेरून थेट जाता येत नाही. एसटीत ड्रायव्हर असलेल्यांनी मात्र हा विचार ठेवावा.

मोठ्या पातळीवर शिकायचं तर पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. १९६७ पासून रस्ते वाहतुकीवरचं संशोधन आणि प्रशिक्षण तिथं चालतं.

न शिकवता दिलेला दाखला

हा धंदा बदनाम झाला तो एका गोष्टीमुळे. काही ठिकाणी पैसे भरले की फॉर्म ५ हातात पडतो, गाडीला हातही न लावता. शिकणाऱ्याला वाटतं वेळ वाचला. स्कूलवाल्याला वाटतं पेट्रोल वाचलं.

नियमात याला जागा नाही. अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवलं नाही, गाड्या नीट ठेवल्या नाहीत, अटी पाळल्या नाहीत, तर परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार आरटीओला आहे. पण कायद्याच्याही आधी गावाचं बघायला हवं. शहरातल्या प्रशिक्षकाला त्याचा शिकाऊ पुन्हा भेटत नाही. आपल्याकडे तो रोज चौकात दिसतो. त्यानं कोणाला उडवलं तर सगळा गाव विचारतो, याला शिकवलं कोणी? दाखल्यावर सही कोणाची, ते तेव्हा सगळ्यांना कळतं.

म्हणून नवख्या प्रशिक्षकानं पहिल्या दिवसापासून एक ठरवून घ्यावं. तास पूर्ण झाले तरी माणूस तयार नसेल तर तोंडावर सांगायचं की अजून चार दिवस ये. वाटल्यास त्या चार दिवसांचे नुसते तेलाचे पैसे घ्या. एखादा चिडून दुसरीकडे जाईल. पण त्याच घरातले बाकीचे आपल्याकडे येतील, कारण पोराच्या जिवाची काळजी कोण करतं हे घरातल्या आईला कळतं.

सुरुवात करायची ती अशी

या आठवड्यात तीन कामं करता येतील. पहिलं, स्वतःचं लायसन काढून बघा. पहिल्यांदा कधी मिळालं, कोणत्या प्रकारच्या गाड्या आहेत, मुदत कधी संपते. दुसरं, तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन मोटार मेकॅनिकच्या प्रवेशाची तारीख आणि लागणारी कागदपत्रं विचारा. प्रवेश साधारण दहावीच्या निकालानंतर सुरू होतात, ती वेळ चुकली की वर्ष जातं. तिसरं, आरटीओ कार्यालयात जाऊन २४ व्या नियमाप्रमाणे प्रशिक्षकाला कोणते दाखले चालतात, ते विचारून लिहून घ्या. एजंटाला नको, खिडकीवर विचारा.

आणि दाखला हातात येईपर्यंत बोलत गाडी चालवायचा सराव सुरू करा. एकट्यानं, रोज पंधरा मिनिटं. त्याला पैसे लागत नाहीत.